थरथर

शिरवळला परीक्षेत मी हे लिहिलं होतं, आकृतीसकट:
चेता संपते तिथं स्नायू लगेच सुरू होत नाही.
मधे एक फट असते,
केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढी.
निरोप तिथवर विजेसारखा येतो आणि काठावर थांबतो.
पुढं त्याला पोहून जावं लागतं.
दहापैकी साडेआठ मिळाले.
फट जरा रुंद काढली म्हणून दीड गेला.

आज वडणग्यात, पहाटे साडेचारला,
तीच फट गोठ्यात बसलेली,
पाचशे किलोची.
मान कुशीकडं मुरडलेली, कान गार,
नाक कोरडं ठणठणीत,
डोळे उघडे, पण कुणाकडंच नाहीत.

आक्काताई चेचर म्हणाल्या,
"परवा व्याली. काल सगळं पिळून घेतलं.
रातच्याला बसली ती बसलीच. उठंना झालीया.
गंगावेशीत गिऱ्हाईक ताटकळत असंल."

हिरेमठ सर माझ्याकडं वळले. "बोला, कुठं अडलंय?"
मी सुरू झाले: कॅल्शियम दुधातून गेलं,
हाडांतून यायला उशीर झाला,
चेतेच्या टोकाशी पिशव्या भरून तयार आहेत
पण त्यांना फोडणारंच कुणी आत येत नाही, म्हणून—
"पुरे. बाटली कोमट करा."

चुलीवरच्या पातेल्यात बाटली तरंगत होती.
आक्काताईंनी विचारलं, "तू कुणाची गं?"
"सुभाषनगरातली. वडील चपला करतात."
त्या थांबल्या.
फार नाही. त्या फटीएवढंच.
मग म्हणाल्या, "धर तर मान. माझ्यानं हलत न्हाई."

सुई शिरेत गेली. कातडं हललंसुद्धा नाही.
अशी सुई आमच्या घरी रोज शिरते कातड्यात,
तिला आरी म्हणतात,
आणि कातडं हलत नाही हे तिथं गृहीतच असतं.

थेंब थेंब. सरांच्या कानात नळी, नळी छातीवर.
हृदयही स्नायूच,
घाईनं ओतलं तर हेच औषध त्याला थांबवतं.
मी थेंब मोजत होते आणि आज्जा आठवत होता.
आज्जा म्हणायचा, जनावर ताठायच्या आत सोलावं,
ताठलं की पाय वाकत नाही, सुरी अडते.
का ताठतं, हे त्यानं कुणाला विचारलं नाही.
मला ते दुसऱ्या वर्षात कळलं:
स्नायूच्या आत एक धागा दुसऱ्याला धरतो,
आणि धरलेलं सोडायला
नव्यानं बळ लागतं.
मेलेल्यापाशी तेवढं उरत नाही.
एवढंच. आज्जा तोवर गेला होता.

अर्धी बाटली.
आधी मांडीवर बारीक थरथर,
मग खांद्यावर, जशी रंकाळ्यावर वाऱ्याची झुळूक.
ढेकर आली. शेण टाकलं.
नाकावर दवासारखे थेंब फुटले.
मग एक माशी तिच्या पाठीवर बसली
आणि नेमकं तेवढंच कातडं झटकलं गेलं,
टिचकीएवढं.
आक्काताई हसल्या, की रडल्या, अंधारात कळलं नाही.
म्हैस मागचे पाय आधी उचलत उभी राहिली
आणि माझ्या बुटावर पाय ठेवून
रेडकाकडं गेली.

चहा त्यांनी कपातच दिला,
घरच्यांच्याच कपात. मी बघून घेतलं.
बघावं लागतं याचा राग नंतर आला, बसमध्ये.

संध्याकाळी बाबा वेणी घालत होते.
मी त्यांना माशीचं सांगितलं:
कातड्याच्या खाली पातळ स्नायू असतो,
त्यालाच लागून, तोच हलवतो.
"तो पापुद्रा व्हय? आम्ही खरवडून टाकतो त्यो?"
आरी खाली ठेवून त्यांनी हात पुसला,
समोरच्या तुकड्यावर तळवा टेकवला,
जरा वेळ तसाच.

"माणसाला असतोय का?"
"गळ्याशी थोडासा. बाकी अंगाला नाही."
"मग माशी बसली तर?"
"हातानं हाकलायची."

"हां," बाबा म्हणाले, आरी उचलत,
"हे मातर पुस्तकाआधीच ठावं हुतं."